ओठ एकीचे, गळा दुसरीचा

पडद्यावरची बाई मोजत नव्हती. योले अल्बेर्तीच्या हे लक्षात आलं तेव्हा फिल्मचा तो तुकडा सातव्यांदा फिरून आला होता, आणि काचेच्या पलीकडून दिग्दर्शक वान्निनी सातव्यांदा म्हणाला होता, ‘सुंदर, सिन्योरा, फार सुंदर. पण ओठ जुळत नाहीत.’ आधी सुंदर म्हणायचं आणि मग पण म्हणायचं, ही त्याची रीत. ‘पण’ची धार लागू नये म्हणून आधी दोन बोटं लोणी. योले अंधारात मायक्रोफोनपुढे उभी होती. हातात संवादाचा कागद, समोर पडदा, पडद्यावर धर्मादाय कचेरीच्या जिन्यावर बसलेली एक विधवा. वीस सेकंदांचा तुकडा, दोन्ही टोकं चिकटवून त्याचं कडं केलेलं, ते घाण्याच्या बैलासारखं फिरत राहायचं. विधवा रडायची, तोंड उघडायची, काहीतरी म्हणायची, नाक पुसायची, की पुन्हा पहिल्यापासून रडायला मोकळी. ती काय म्हणाली हे कुणी ऐकलेलं नव्हतं. चित्रीकरणाच्या वेळी आवाज घ्यायचाच नाही, असा या मंडळींचा शिरस्ता. रस्त्यावरून उचलून आणलेल्या माणसांना संवाद पाठ होत नाहीत. म्हणून त्यांना सांगायचं, रडा, आणि रडता रडता एकपासून तीसपर्यंत मोजा. ओठ हलले म्हणजे झालं. त्यात शब्द मागाहून योलेसारखी कुणीतरी भरते, उशीत कापूस भरावा तसे. या विधवेत भरायचं वाक्य होतं, ‘देवा, आमच्याकडेच पाठ का फिरवलीस?’ ते वान्निनीनं स्वतः लिहिलं होतं, आणि लिहिताना आपल्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हेही त्यानं स्वतःच सांगितलं होतं. त्या वाक्यात ओठ तीनदा मिटतात. पडद्यावर दोनदाच मिटत होते, आणि तेही भलत्याच जागी. योलेला पंधरा वर्षांची सवय होती. मोजणाऱ्या माणसाचं तोंड कसं असतं हे तिला ठाऊक होतं: अर्धवट उघडं, ढिलं, कडी नसलेल्या दारासारखं. या बाईचं तोंड तसं नव्हतं. ही बाई कुणाला तरी उद्देशून काहीतरी बोलत होती, आणि वाक्याच्या शेवटी तिचा खालचा ओठ डावीकडे सरकत होता.

‘आठवं,’ वान्निनी म्हणाला. ‘घाई नाही, सिन्योरा.’ घाई नाही म्हणजे घाई होती. बारा वाजता ही खोली दुसऱ्या कंपनीला द्यायची होती, आणि बाहेरच्या व्हरांड्यात नाट्यशाळेतून नुकतीच बाहेर पडलेली लिव्हिया नावाची मुलगी सकाळपासून पुस्तक उघडून बसली होती. तिनं पान उलटलेलं योलेनं एकदाही पाहिलं नव्हतं. विधवेचं काम योलेला जमलं नाही तर ते तिला मिळायचं, आणि एकदा गरीब बायका लिव्हियाच्या गळ्यात गेल्या की योलेकडे काय उरणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पंधरा वर्षं ती परदेशी राण्यांचा, उमरावांच्या बायकांचा आणि नवऱ्याला फसवणाऱ्या पण शेवटी पश्चात्तापानं मरणाऱ्या श्रीमंत स्त्रियांचा आवाज होती. आता राण्यांना गिऱ्हाईक नव्हतं. लढाई हरलेल्या देशात गरिबी तेवढी मुबलक उरली होती, आणि जे मुबलक असतं त्याचाच धंदा होतो. रोममध्ये जो उठेल तो कॅमेरा घेऊन झोपडपट्टीत शिरत होता. योलेचा रेशमी गळा तीन महिने घरी बसला होता. ही विधवा म्हणजे त्याला फुटलेली पहिली वाट.

वान्निनीला गरिबीचं वेड होतं. भिकेचे डोहाळे म्हणतात ते हेच; फरक इतकाच की डोहाळे याला लागायचे आणि कळा दुसऱ्यांना. तो तोरीनोचा, बापाचा बटणांचा कारखाना, अंगात उंटाच्या केसांचा ओव्हरकोट आणि कोटाच्या खिशात एक वही. ट्रामच्या थांब्यावर, खाटकाच्या दुकानात, कुणाच्या प्रेतयात्रेत ऐकलेली वाक्यं तो तिच्यात टिपून ठेवी. फुलपाखरं जमवणारे लोक जाळी घेऊन हिंडतात तसा तो कान घेऊन हिंडे. ‘सत्य’ हा शब्द त्याच्या तोंडी इतक्या वेळा येई की एका सकाळी योलेनं तो मोजला होता, आणि जेवणापर्यंत आकडा एकोणतीसवर गेला होता. या सत्यासाठी त्याची माणसं नवा कोरा झगा आणत, विटकरीनं घासत, कोपरावर फाडत आणि फाटलेलं पुन्हा वाईट टाक्यांनी शिवत. वाईट टाके. योलेला त्या टाक्यांचा सगळ्यात जास्त राग होता. गरीब बाईनं घातलेला टाका इतका वाईट नसतो. तिच्याकडे दुसरा झगा नसतो, म्हणून ती तो बारीक घालते, इतका बारीक की शेजारणीला दिसू नये. पण हे वान्निनीला सांगायचं तर मग विचारणा होणार, सिन्योरा, तुम्हाला कसं माहीत?

फिल्मची कडी लावणारा आमिल्कारे काल त्या विधवेची हकिगत सांगताना डोळे पुसत होता, हसून हसून. विधवा म्हणजे सेत्तिमिया, खरीच विधवा, शहराबाहेर पत्र्याच्या वस्तीत राहणारी, रेल्वेच्या वसाहतीचे जिने धुणारी. वान्निनीनं तिला जिना धुतानाच पाहिलं आणि म्हणाला, हाच तो चेहरा, तुम्ही सोमवारी जशा आहात तशाच या. सोमवारी बाई आली ती केशकर्तनालयात जाऊन, केस कुरळे करून, बहिणीचा निळा झगा घालून आणि गालांना लाली लावून. ‘जशा आहात तशाच म्हणजे काय, सिन्योरा,’ आमिल्कारे म्हणाला, ‘तिला वाटलं आंघोळ न करता येऊ नका म्हणताहेत. फोटो काढायला कुणी फडक्यात जातं का? आपल्या दिग्दर्शकसाहेबांनी, दोत्तोरेंनी, कपाळाला हात लावला. दोन दिवस काम बंद. तीनदा डोकं धुतलं, पाण्याच्या बादलीत घातलं, कुरळं काही जाईना. शेवटी रुमाल बांधून बसवलं. तो रुमाल बघून परवा एक पत्रकार म्हणाला, काय ही दारिद्र्याची कळा. आत सगळी सलूनची कला.’ योले हसली नव्हती. सेत्तिमियाचाही तिला रागच आला होता. बोलावलं की जायचं, लाली लावून जायचं, आणि पुसा म्हटलं की पुसू द्यायची. असल्या लोकांचं असंच व्हायचं, असं तिला वाटलं, आणि ‘असल्या लोकांचं’ हे शब्द मनात उमटल्यावर ते किती स्वच्छ उमटले याचं तिला बरंही वाटलं.

आणि आज सकाळी ती बाईच येऊन व्हरांड्यात उभी राहिली. रविवारचा काळा कोट, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली पर्स. लिव्हियाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. सरळ योलेपाशी आली.

‘माझी पाळी कधी?’

‘कसली?’

‘बोलायची. दोत्तोरे म्हणाले होते, आता मोजा, बोलायचं नंतर बघू. तर हे नंतर असेल म्हणून आले.’

‘बोलणार मी आहे,’ योले म्हणाली.

सेत्तिमियानं तिला केसांपासून बुटांपर्यंत पाहिलं. ‘माझ्या तोंडातून?’

‘हो.’

‘आणि मी तोवर काय करू? तोंड उघडून उभी राहू?’

आमिल्कारेनं खोकल्याचं सोंग केलं. तेवढ्यात वान्निनी आला आणि त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले, पर्ससकट. ‘सोरा सेत्तिमिया, रागावू नका. आम्ही ऐकून पाहिला तुमचा आवाज. कसं सांगू, तो खरा वाटत नाही.’

‘कुणाचा?’

‘तुमचा.’

‘बेचाळीस वर्षं वापरतेय, दोत्तोरे. आजवर कुणी तक्रार नाही केली.’

तो आवाज म्हणजे पत्र्यावर वाळू ओढावी तसा. धुण्याच्या सोड्याच्या वाफेनं छाती धरलेल्या बाईचा. वान्निनीचं एका अर्थी बरोबर होतं. हा आवाज ऐकून थिएटरात लोक हसले असते. गरीब बाईचा आवाज कसा हवा, खोल, थोडा चिरलेला, पण चिरलेला म्हणजे चांगल्या काचेसारखा. तसला आवाज गरिबांकडे नसतो. तो योलेकडे होता. ‘आत येऊन बसा,’ वान्निनी म्हणाला, ‘बघा, तुम्हाला मजा वाटेल.’ आत जाताना सेत्तिमियानं योलेला विचारलं, ‘तुम्ही कुठल्या?’

‘सिएनाची.’

‘वाटलंच. रोमच्या असता तर आधी विचारलं असतंत, सकाळपासून पोटात काही गेलंय का म्हणून.’

सिएनाला योले आयुष्यात एकदाच गेली होती, गाडी बदलायला. पण शुद्ध बोलणाऱ्यांचं गाव म्हणून सगळ्यांनी मानलेलं, तेव्हा जन्मायचंच तर तिथं जन्मावं, असं तिनं विसाव्या वर्षी ठरवलं होतं. त्याआधी ती सान लोरेन्झोची होती, रेल्वेच्या रुळांमागच्या वस्तीतली, धोबीण नाझारेना पालोत्ताची मुलगी. प्राती भागातल्या एका वाळक्या कुमारिकेकडे ती शब्दोच्चार शिकायला जाई. बाई दातांत बुचाचा तुकडा धरायला लावून वाचून घेई, आणि शब्दाचं शेपूट कापलं गेलं की पट्टीनं मेजावर मारी; मुलीवर नाही, मेजावर, आणि ते जास्त लागे. सान लोरेन्झोत सगळ्याच शब्दांची शेपटं कापलेली, नाहीतर पोटं दाबलेली. तिथं ‘घेऊन’ म्हणत नाहीत, ‘घिऊन’ म्हणतात, आणि म्हणताना खालचा ओठ डावीकडे जातो, कारण सार्वजनिक हौदावर रांगेनं बसून कपडे आपटताना शेजारणीशी बोलायचं तर मान वळवायला सवड नसते, तोंडाच्या कोपऱ्यातून बोलावं लागतं. पुढे ती खोड बायकांच्या तोंडात मुरते; नवऱ्याशी बोलताना, पाद्र्यापुढे पाप कबूल करताना, सगळीकडे ओठ डावीकडे. योलेचा तो ओठ सरळ व्हायला दोन वर्षं लागली. आरशापुढे बोट लावून ती तो धरून ठेवी. सरळ झाला तेव्हा तिच्या ध्यानात आलं की घरी जाऊन तास-दोन तास बसलं तरी तो पुन्हा सरकतो. मग घरी जाणं आधी महिन्यातून एकदा झालं, मग सणाला, मग निरोप पाठवून भागायला लागलं. आईवर राग नव्हता. घसा बसू नये म्हणून गायक जसं वाऱ्यात जात नाहीत, तसं.

आठव्यांदा विधवा जिन्यावर रडायला बसली, आणि योलेनं कागदावरची नजर काढून फक्त ओठ पाहिले. उघडे, मिटले. उघडे, मिटले, उघडे आणि डावीकडे. हे शब्द तिला वाचावे लागले नाहीत. ते ओळखीच्या माणसासारखे समोरून चालत आले.

आला सूप घिऊन, गेला चमचा घिऊन.

हौदावरची म्हण. गरिबांची विचारपूस करायला येणाऱ्या बायका, पाद्री, पक्षाचे लोक, फुकट औषध वाटणारे डॉक्टर, अशांची पाठ फिरली की हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. त्या चार गल्ल्यांबाहेर ती योलेनं कधी ऐकली नव्हती. शेवटची ऐकली ती त्रेचाळीस सालच्या ईस्टरला. योले कॉफी घेऊन गेली होती, खरी कॉफी, कुणाला दिसत नव्हती अशा दिवसांत. आईनं ती दळली नाही, नुसती हुंगली आणि डब्यात ठेवली. वीस मिनिटं योले खुर्चीच्या कडेवर बसली, आणि निघताना म्हणाली, माझा जन्मदाखला लागतोय. आईनं पलंगाखालची पेटी ओढून दाखला दिला. कशाला लागतो म्हणून विचारलं नाही. पालोत्ताचं अल्बेर्ती करायला लागतो, हे तिला कुणी सांगितलं असेल की नसेल, योलेला कधी कळलं नाही. जिन्यात आईनं हसत हसत, तोंडाच्या कोपऱ्यातून एवढंच म्हटलं, ‘आली सूप घिऊन.’ पुढचं म्हटलं नाही. पुढचं वाक्य पुरं करायला ती पुढे फक्त तीन महिने होती. एकोणीस जुलैला भर सकाळी बाँब टाकायला विमानं आली तेव्हा ती हौदावर होती. योले त्या वेळी मायक्रोफोनपुढे एका राणीला विष पाजत होती. राणीचं मरण लांबलं, सहा वेळा घ्यावं लागलं, आणि धूर पाहायला सगळे गच्चीवर धावले तेव्हा ती रुमालानं गळा गुंडाळून खालीच थांबली, कारण धुरानं आवाज बसतो.

आता पडद्यावर ही सलूनमध्ये जाऊन आलेली बाई रडता रडता ते वाक्य पुरं करत होती. योलेला आधी संताप आला. कुणी सांगितलं होतं हिला बोलायला? मोज म्हटलं तर मोजायचं. सगळे मोजतात. मागल्या चित्रात एक म्हातारा उपासमारीनं मरताना सत्तावीसपर्यंत मोजत गेला आणि योलेच्या ओळखीच्या नटानं त्यात पाऊण मिनिटाची प्रार्थना बेमालूम बसवली. मग तिला मोह झाला, तोही धंद्याचाच: सूपच्या जागी मिटणारा आणि चमच्याच्या जागी मिटणारा असा दुसरा एखादा सोज्ज्वळ शब्द बसवावा, ‘पाप’, ‘माय’, काहीही. तिनं मनात चारपाच करून पाहिले. ओठ बसत होते. पण शेवटी डावीकडे सरकणाऱ्या ओठाला सिएनाचा एकही शब्द पुरत नव्हता. शब्द संपे आणि ओठ उघडाच राही, तिच्याकडे वाकडा होऊन. काचेमागे वान्निनी घड्याळ पाहत होता. व्हरांड्यात लिव्हिया खाकरली, नीट, शिकवल्यासारखी.

नवव्या वेळी योलेनं कागद खाली ठेवला. आवाज कुठून आणायचा हे तिला शोधावं लागलं नाही, फक्त इतकी वर्षं धरून ठेवलेला ओठ सोडून द्यावा लागला. तिच्या घशातून जे आलं ते खोल नव्हतं, चिरलेली काच नव्हतं; ओलं, जाड, सोड्यानं खाल्लेलं काहीतरी होतं. ‘आला सूप घिऊन,’ विधवा म्हणाली, ‘गेला चमचा घिऊन,’ आणि तिनं नाक पुसलं. एकही ओठ चुकला नाही.

आमिल्कारे कडं थांबवायचं विसरला. वान्निनी दार ढकलून आत आला, त्याचे डोळे भरलेले. त्याचे डोळे भरायला फार लागत नसे, पण या वेळी त्याला सुंदरसुद्धा म्हणायचं सुचलं नाही. ‘कारकुनाला म्हणते ती,’ तो म्हणाला. ‘धर्मादाय कचेरीच्या कारकुनाला. देवबीव काही नाही. अचूक.’ त्यानं वही काढली होती.

‘कारकुनाला नव्हते म्हणत,’ मागच्या अंधारातून सेत्तिमिया म्हणाली.

‘म्हणजे?’

‘कारकून बिचारा तिथं नव्हताच. जिन्याखाली तुम्ही उभे होतात. सकाळपासून नऊ वेळा रडवलंत, आणि थंडीत माझा कोट काढून तुमच्या खुर्चीवर ठेवलात.’

वान्निनीनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला. ‘ऐकलंत?’ तो योलेला म्हणाला. ‘काय बोलतात हे लोक.’ आणि त्यानं तेही लिहून घेतलं. योलेला वाटलं, या माणसाला शिवी घालायची तर ती त्याच्या वहीबाहेर कुठं घालावी. लिहून झाल्यावर तो थबकला. ‘पण सिन्योरा, तुम्ही तर सिएनाच्या. हे तुम्ही शिकलात कुठं?’

ओठ आपोआप सरळ झाला होता. ‘आमच्याकडे एक धोबीण होती,’ योले म्हणाली. ‘सान लोरेन्झोची.’

‘नाव काय तिचं?’ हे वान्निनीनं नाही, सेत्तिमियानं विचारलं. ती उठून उभी राहिली होती, पर्स पोटाशी.

खोटं नाव घेता आलं असतं. ‘नाझारेना,’ योले म्हणाली.

‘नाझारेना पालोत्ता,’ सेत्तिमिया म्हणाली. ‘हौदावर तिसऱ्या दगडाची. आम्ही तिला राणीची आई म्हणायचो. सिनेमात कुणी राणी बोलायला लागली की ही थिएटरात उठून उभी राहायची, म्हणायची, आवाज माझ्या पोरीचा आहे, थोबाड तेवढं दुसरीचं. लोक ओरडायचे, बस खाली. कुणी विश्वास ठेवला नाही. मी पण हसले होते.’ ती योलेकडे पाहत होती. ती काही विचारत नव्हती, की दोषही देत नव्हती. जिना धुऊन झाल्यावर पाणी कुठवर गेलं हे बघावं तसं पाहत होती.

वान्निनीची मान एकीकडून दुसरीकडे गेली. गोष्ट त्याच्या नाकासमोरून गेली होती, आणि तिचा फक्त वास त्याला लागला होता. ‘ही नाझारेना,’ तो हलक्या आवाजात म्हणाला, ‘तिला आणता येईल का? पुढच्या चित्रात हौदाचा प्रसंग आहे.’

‘बाँबमध्ये गेली,’ योले म्हणाली.

‘अरेरे.’ त्याला खरंच वाईट वाटलं. वही अजून उघडी होती. ‘चेहरा कसा होता तिचा?’

सेत्तिमियाला उत्तर ठाऊक होतं, पण तिनं तोंड उघडलं नाही. ती थांबली होती, आपल्या जागी दुसरीनं बोलावं म्हणून. योलेनं घसा साफ केला.

‘साधा,’ ती म्हणाली, आणि तिचा ओठ किंचित डावीकडे गेला. ‘तुमच्या कामाचा नव्हता.’